अपडेट नापास, पण कोणत्या विषयात?

प्रगतिपुस्तकावर नुसताच 'अनुत्तीर्ण' असा शेरा मारला आणि विषयवार गुण लिहिलेच नाहीत, तर पालकांनी काय करावे? कोणी गणिताची शिकवणी लावील, कोणी मुलाचे अक्षर सुधारायला घेईल, कोणी सरळ शाळा बदलील. आणि खरे कारण कदाचित एवढेच असेल, की मुलगा चित्रकलेच्या परीक्षेला बसलाच नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये जगभरातल्या कितीतरी घरगुती संगणकांवर नेमका असाच शेरा उमटला होता. त्याची हकीकत शिक्षकांना दोन कारणांनी उपयोगी वाटेल. एक तर आपल्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शाळेत तोच संगणक आहे आणि त्यातच निकालपत्रके, प्रश्नपत्रिका, फोटो असे सगळे साठवलेले आहे. दुसरे असे, की बिघाडाचे कारण कसे शोधावे याचे इतके चांगले उदाहरण सहसा हाती लागत नाही.

संगणकाचे सर्व व्यवहार सांभाळणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही त्यांतली सर्वांत परिचित. तिच्यातल्या त्रुटी दूर करण्यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या पाठवते. यांनाच आपण 'अपडेट' म्हणतो. मंगळवार, ९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १० साठी जे अपडेट आले, त्यांत ५०३४४४१ या क्रमांकाचे एक होते. (विंडोज १० ला सर्वांसाठी मोफत मिळणारी नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या वेळी मात्र ती चालू होती.) हे अपडेट उतरवून घेतले जाई, बसवायला सुरुवात होई आणि मग पडद्यावर सूचना येई: अपडेट बसवताना अडचण आली, नंतर पुन्हा प्रयत्न करू. शेजारी कंसात एक आकडा असे, ८००७०६४३. पुन्हा प्रयत्न होई आणि पुन्हा तेच. गंमत म्हणजे संगणक एरवी अगदी व्यवस्थित चालत असे.

अशा वेळी लोकांनी काय केले? कोणी इंटरनेटची जोडणी तपासली. कोणी सी ड्राइव्हमधले जुने चित्रपट पुसून जागा मोकळी केली. कोणी अपडेटची तात्पुरती साठवण रिकामी केली, कोणी विंडोजच्या फाइली तपासणारी आज्ञा अर्धा तास चालवली. यांतले काहीही लागू पडले नाही. मग शेवटचा सल्ला तयार असतोच: 'फॉरमॅट मारून घ्या.' म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवा. ज्याच्याकडे आपल्या फाइलींची दुसरी प्रत नाही, त्याच्यासाठी हा सल्ला म्हणजे दाढ दुखते म्हणून जबडा काढण्यासारखा आहे.

आता त्या आकड्याकडे पाहू. ८००७०६४३ हा आपला नेहमीचा दशमान आकडा नाही. तो सोळा-आधारी पद्धतीत लिहिलेला आहे. या पद्धतीत उजवीकडून पहिले स्थान एककाचे, दुसरे सोळाचे, तिसरे दोनशे छप्पन्नचे, अशी स्थाने असतात. आकड्याचे दोन तुकडे करा: ८००७ आणि ०६४३. पहिल्या तुकड्यातला ८ एवढेच सांगतो की काम फसले. त्यातला शेवटचा ७ सांगतो की पुढचा क्रमांक विंडोजच्या चुकांच्या सर्वसाधारण यादीतला आहे. मग उरले ६४३. सहा गुणिले २५६ म्हणजे १५३६, चार गुणिले १६ म्हणजे ६४, आणि ३. एकूण १६०३. यादीत १६०३ क्रमांकासमोर काय लिहिले आहे? 'बसवताना गंभीर चूक झाली.' म्हणजे एवढा खटाटोप करून हाती लागला तो पुन्हा 'अनुत्तीर्ण' हाच शेरा!

पण ही युक्ती वाया जाणारी नाही. ८००७००७० असा आकडा आला, तर ७० म्हणजे सात गुणिले सोळा, ११२. यादीत ११२ म्हणजे 'डिस्कवर जागा नाही'. ८००७०००५ आला तर ५, म्हणजे 'परवानगी नाही'. ८००७०००२ म्हणजे 'फाइल सापडली नाही'. आठवी-नववीच्या वर्गात स्थानिक किमतीच्या पाठाला जोड म्हणून हे आकडे सोडवायला द्यायला हरकत नाही. काही आकडे बोलके असतात, काही मुके. १६०३ हा मुका आहे, आणि हे कळणे हीसुद्धा माहितीच आहे. आता पडद्याकडे बघत बसण्यात अर्थ नाही, दुसरीकडे पुरावा शोधायला हवा.

तो पुरावा अपडेटच्या इतिहासाच्या यादीतच होता. विंडोजमध्ये अशी यादी असते आणि तिच्यात कोणते अपडेट कधी बसले, कोणते फसले हे तारखेसह दिसते. तिच्यात बहुतेकांना असे दिसले असते, की त्याच दिवशी आलेले महिन्याचे मुख्य अपडेट व्यवस्थित बसले आहे. फसले ते फक्त एक. याचा अर्थ काय? इंटरनेट बिघडले असते तर दोन्ही आले नसते. अपडेट बसवणारी यंत्रणा मोडली असती तर दोन्ही फसले असते. सी ड्राइव्ह भरला असता तर आधी मोठे मुख्य अपडेट अडकले असते. तेव्हा बिघाड दोघांत समान असलेल्या कोणत्याही गोष्टीत नाही. या एकाच अपडेटला लागणाऱ्या आणि दुसऱ्याला न लागणाऱ्या गोष्टीत तो आहे. वर्गातले एकच रोप सुकले आणि त्याच मातीतली, त्याच पाण्यावरची बाकीची टवटवीत असली, तर आपण माती आणि पाणी सोडून त्या रोपाचेच मूळ उकरून बघतो. येथे तेच करायचे.

हे अपडेट मुळी विंडोजसाठी नव्हतेच. ते होते विंडोजच्या दुरुस्तीपेटीसाठी. संगणक लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होताना अडखळला, की एक निळा पडदा येतो आणि दुरुस्तीचे पर्याय देतो, हे काहींनी पाहिले असेल. तो पडदा दाखवणारी छोटी प्रणाली नेहमीच्या विंडोजपासून वेगळी असते, आणि बहुधा डिस्कवरच्या एका स्वतंत्र, लपवलेल्या कप्प्यात ठेवलेली असते. त्याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. वेगळा कप्पा अशासाठी, की मुख्य घराला आग लागली तरी पाण्याची बादली बाहेर सुरक्षित राहावी. या दुरुस्तीपेटीत एक पळवाट सापडली होती. संगणक ज्याच्या प्रत्यक्ष हातात पडेल, त्याला तिच्यातून बिटलॉकर नावाचे डिस्कचे कुलूप चुकवता आले असते. ती पळवाट बुजवण्यासाठी हे अपडेट होते. अर्थात ते सी ड्राइव्हवर नाही, तर त्या लपलेल्या कप्प्यात बसायचे होते.

आणि तो कप्पा लहान होता. विंडोज बसवताना तो आपोआप तयार होतो आणि अनेक संगणकांवर तो सुमारे ५०० मेगाबाइटचाच होता. वर्षानुवर्षे आतली प्रणाली फुगत गेली, कप्पा मात्र तेवढाच राहिला. या अपडेटला त्यात २५० मेगाबाइट मोकळी जागा हवी होती. सी ड्राइव्हवर शंभर गिगाबाइट रिकामे असले तरी त्याचा येथे उपयोग नाही. दिवाणखाना ऐसपैस आहे म्हणून पोटमाळ्यावर जास्त सामान मावत नाही.

येथे एक सापळा आहे. तो आवर्जून सांगायला हवा, कारण त्यात शहाणी माणसेही सापडली. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या सोयीत डिस्कचे सगळे कप्पे आकृतीत दिसतात. तेथे रिकव्हरी पार्टिशनसमोर मोकळी जागा १०० टक्के असे लिहिलेले असते! ते खरे नाही. या कप्प्याला सी, डी असे अक्षर दिलेले नसते, तेव्हा ही सोय आत डोकावतच नाही आणि सगळा कप्पा रिकामा धरते. 'जागेचा प्रश्न नाही, शंभर टक्के मोकळी आहे' असे म्हणून अनेकांनी खरे कारणच यादीतून खोडले. मोजपट्टी जेथे पोचत नाही तेथला शून्य हा शून्य नसतो, हे प्रयोगशाळेत आपण मुलांना सांगतो. येथे घरातल्या टेबलावर त्याचा प्रत्यय आला.

मायक्रोसॉफ्टने नंतर स्वतःच कबूल केले, की जागा कमी असेल तर 'दुरुस्ती-प्रणालीचे अपडेट अपुऱ्या जागेमुळे फसले' असा अर्थ सांगणारा संदेश यायला हवा होता. पण चूक-संदेश दाखवणाऱ्या भागातच दोष असल्याने त्याऐवजी १६०३ चा मुका आकडा दिसत होता. म्हणजे विद्यार्थी नापास झाला चित्रकलेत आणि शेरा लिहिणाऱ्याचे पेनही बिघडलेले. सुरुवातीला कंपनीने यावर उपाय काढत असल्याचे सांगितले. काही महिन्यांनी तिने स्पष्ट केले, की विंडोज १० साठी हे आपोआप दुरुस्त होणार नाही, ज्याने त्याने हाताने कप्पा मोठा करावा.

हाताने म्हणजे कसे? रीतीचा सांगाडा असा आहे. व्यवस्थापकाच्या अधिकाराने आज्ञांची काळी खिडकी उघडायची आणि रीएजंटसी (आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी) ही आज्ञा माहिती विचारण्यासाठी चालवायची. दुरुस्ती-प्रणाली चालू आहे की बंद, आणि ती कितव्या डिस्कच्या कितव्या कप्प्यात आहे, हे ती सांगते. मग तिच आज्ञा वापरून दुरुस्ती-प्रणाली तात्पुरती बंद करायची, म्हणजे ती आपले सामान सी ड्राइव्हवर हलवते. नंतर डिस्कपार्ट या आज्ञेने सी ड्राइव्ह २५० मेगाबाइटने आवळायचा, जुना रिकव्हरी कप्पा पुसायचा, सगळी मोकळी जागा धरून नवा, मोठा कप्पा करायचा, त्याला रिकव्हरीची ओळख-खूण द्यायची आणि दुरुस्ती-प्रणाली पुन्हा चालू करायची.

वाचायला हे सोपे आहे. पण कप्पा पुसण्याची जी आज्ञा येथे वापरावी लागते ती 'खरंच पुसू का?' असे विचारत नाही. कप्प्याचा क्रमांक ४ ऐवजी ३ लिहिला, तर रिकव्हरीऐवजी सगळा सी ड्राइव्ह निवडला जाऊ शकतो. म्हणून काळ्या खिडकीला हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क संगणकापासून काढून बाजूला ठेवा. बिटलॉकरचे कुलूप चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्या. आज्ञांची नेमकी अक्षरे मी येथे मुद्दामच दिलेली नाहीत. ती मायक्रोसॉफ्टच्या मूळ सूचनेतून, आपल्या डिस्कच्या प्रकारानुसारच घ्यावीत, कारण जुन्या आणि नव्या पद्धतीने आखलेल्या डिस्कना वेगवेगळ्या ओळख-खुणा लागतात.

आणि हे सगळे करायलाच हवे होते का? माझ्या मते बहुतेक घरांत नव्हते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूपच लावलेले नसेल, तर कुलूप चुकवण्याची पळवाट बुजवून फायदा काय? रिकव्हरी पार्टिशनच नसलेल्या संगणकांना या अपडेटची गरज नाही, असे तर कंपनीनेच म्हटले होते. अशांनाही ते पाठवले गेले आणि फसत राहिले, ही गोष्ट वेगळी. प्रवासात लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याने, ज्याच्यात शाळेची किंवा कार्यालयाची गोपनीय माहिती आहे त्याने, कप्पा जरूर मोठा करावा. घरच्या टेबलावरच्या संगणकासाठी कधीकधी येणारी एक निरुपद्रवी सूचना सहन करणे, ही चुकलेल्या एका अंकाने वर्षाचे काम गमावण्यापेक्षा केव्हाही बरी तडजोड होती.

अपडेट रोज फसूनही संगणक चालत कसा राहिला, असे एखादा विद्यार्थी विचारील. याचे कारण अपडेटची रचनाच 'सगळे किंवा काहीच नाही' अशी असते. बँकेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे जाताना मध्येच अडचण आली, तर पहिल्या खात्याची वजावटही रद्द होते. तसेच येथे नवे बसल्याची खात्री होईपर्यंत जुने टाकून देत नाहीत, आणि अडले तर केलेले बदल उलटे फिरवून मूळ स्थिती आणतात. त्या वेळी 'बदल मागे घेत आहोत' असा संदेश येतो आणि तो कधी तासभरही हलत नाही. घाईने बटण दाबून संगणक बंद करण्याचा मोह होतो तो याच वेळी. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर त्याला हात लावू नये. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे टेबलावरच्या संगणकाला बॅटरीची जोड असल्याशिवाय मोठे अपडेट सुरू करू नये. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसावे.

विंडोज ११ च्या पहिल्या आवृत्तीसाठीही त्याच दिवशी असेच अपडेट आले होते, आणि त्यालाही त्या कप्प्यात तेवढीच मोकळी जागा लागत होती. लपलेल्या कप्प्याची व्यवस्था विंडोज ११ मध्येही तशीच आहे. तेव्हा नवीन डिस्क टाकून विंडोज बसवायची वेळ आली, तर बसवून देणाऱ्याला रिकव्हरीचा कप्पा एक गिगाबाइटच्या आसपास ठेवायला सांगावे. हल्लीच्या डिस्कच्या मानाने एवढी जागा म्हणजे हजार पानी वहीतली दोन पाने.