दगडात कोरलेला बंदराचा ताळेबंद

एखाद्या शहराचा आर्थिक इतिहास वाचावयाचा तर ग्रंथालयात बसलेच पाहिजे असे नाही. मुंबईपुरते बोलावयाचे झाल्यास सुटीच्या दिवशीची एक सकाळ, पायांत बळकट वहाणा आणि हातात साधा नकाशा एवढी सामग्री पुरेशी आहे. टाऊन हॉलपासून निघून काळा घोडा, ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह पाहून बॅलार्ड इस्टेटला परत यावयाचे. हे सारे अंतर चार किलोमीटरांच्या आसपास भरते. वाटाड्या नसला तरी चालते. किंबहुना नसलेलाच बरा. वाटाड्या इमारतीची शैली आणि शिल्पकाराचे नाव सांगतो, परंतु ही इमारत कोणाच्या पैशाने उभी राहिली आणि आज तिची डागडुजी कोणी करावयाची, हे प्रश्न सहसा विचारीत नाही. मुंबईच्या वास्तुवैभवाचे भवितव्य मात्र नेमक्या याच दोन प्रश्नांत अडकलेले आहे.

कापसाची किमया

टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहिले की प्रारंभीचे बंदर डोळ्यांपुढे येते. १८३३ साली पुऱ्या झालेल्या या स्तंभयुक्त वास्तूत आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. समोरच्या जागी पूर्वी मोकळे मैदान होते व तेथे कापसाच्या गासड्या रचल्या जात. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून मिळणारा कापूस बंद झाला आणि चार वर्षे मुंबईवर अक्षरशः सोन्याचा पाऊस पडला. त्याच काळात, १८६२ साली, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे जुने तट पाडण्यास आरंभ केला. मैदानाच्या जागी एल्फिन्स्टन सर्कल आखले गेले. आजचे हॉर्निमन सर्कल ते हेच. त्याचे भूखंड व्यापारी पेढ्यांना विकण्यात आले. परंतु दर्शनी भाग एकसारखा असावा आणि पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग पडवी असावी, ही शिस्त पाळली गेली. दीडशे वर्षांनंतरही पावसाळ्यात त्या पडवीतून कोरड्या अंगाने चालता येते.

भरतीनंतर ओहोटी आलीच. १८६५ साली युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला होता. तो कवडीमोल झाला. पाठोपाठ बँक ऑफ बाँबे बुडाली. या सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांचे वैभव गेले, परंतु त्यांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली उभा राहिला. त्याला त्यांच्या मातेचे नाव आहे. सट्ट्यातील नफा नाहीसा झाला आणि दान तेवढे उरले, हा धडा त्या मनोऱ्याखाली उभे राहिल्यावर जितका पटतो तितका पाठ्यपुस्तकात पटत नाही.

मैदानाच्या दोन बाजू

ओव्हल मैदानाच्या मध्यभागी उभे राहिले की मुंबईची दोन युगे समोरासमोर दिसतात. पूर्वेला जुने सचिवालय (१८७४), विद्यापीठ आणि उच्च न्यायालय (१८७८) यांची गॉथिक रांग आहे. टोकदार कमानी, उंच मनोरे, दगडात कोरलेले पशुपक्षी असा हा राज्यसत्तेचा थाट आहे. या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा मैदानापलीकडे, आगगाडीचा रूळ ओलांडला की समुद्रच होता. हा समुद्र हटविण्याची योजना १९२०च्या सुमारास सरकारने पुन्हा हाती घेतली. खर्च भरमसाट वाढला, काम रेंगाळले, खुर्शेद नरिमन यांनी सरकारला धारेवर धरले आणि अखेर चौकशी समिती नेमावी लागली. लोकांनी या योजनेला गव्हर्नर लॉइड यांचा वेडेपणा ठरविले.

त्याच भरावावर १९३०च्या दशकात पश्चिमेची रांग उभी राहिली. तिच्यात दगडाऐवजी सिमेंट-काँक्रीट आहे, मनोऱ्यांऐवजी गोलाकार सज्जे आहेत, आणि उद्वाहन, पंखे व प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र न्हाणीघर अशा सोयी आहेत. चर्चगेट स्थानकासमोरील इरॉस चित्रपटगृह १९३८चे आहे. त्याचे रचनाकार सोराबजी भेडवार. या इमारतींचे मालक, त्यांतील भाडेकरू आणि पुष्कळ अंशी त्यांचे वास्तुविशारदही भारतीय होते. फोर्टमध्येच मास्टर, साठे आणि भुता यांनी १९३६ साली न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत बांधली आणि तिच्या दर्शनी भागावर शिल्पकार न. ग. पानसरे यांनी राजेरजवाड्यांऐवजी कष्टकरी माणसे भव्य आकारात कोरली. पूर्वेची रांग राज्यकर्त्यांनी बांधली, पश्चिमेची नागरिकांनी. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला, यातील औचित्य मैदानावर उभ्या असलेल्या कोणालाही कळावे.

गोठलेली भाडी, ढासळती घरे

या फेरीत मन अस्वस्थ करणारी वास्तू काळा घोड्याजवळ लागते. वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला गेला व येथे जोडला गेला. १८९६च्या जुलै महिन्यात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. पुढे हॉटेलची एस्प्लनेड मॅन्शन झाली, दालनांची कार्यालये व खोल्या झाल्या. २००५ साली तिच्या सज्जाचा भाग कोसळला आणि २०१९ साली ती रिकामी करण्यात आली. ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचे एका तांत्रिक अहवालाने म्हटले; ती वाचविता येईल असे इतर तज्ज्ञांचे मत पडले.

ही अवस्था पावसाने किंवा खाऱ्या वाऱ्याने आलेली नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला बेघर होण्यापासून वाचविणे न्याय्यच होते. परंतु तात्पुरता उपाय पन्नास वर्षे चालला. पावशतकाच्या भाड्यात एका खिडकीची दुरुस्ती होईना, तेव्हा मालकाने हात झटकले. आणि हक्क गमावण्याच्या भीतीने भाडेकरूही जागचा हलला नाही. १९६९ साली दुरुस्ती मंडळ स्थापन करून जुन्या इमारतींवर उपकर बसविण्यात आला, तेव्हा अशा इमारतींची संख्या साडेएकोणीस हजारांच्या वर होती. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याची तरतूद आता समर्थनीय उरली नसल्याचे सांगितले. १९९९च्या नव्या कायद्याने भाडेवाढीला वर्षाकाठी चार टक्क्यांची मुभा दिली. परंतु मूळ रक्कमच नगण्य असताना तिच्या चार टक्क्यांतून काय साधणार? १६ जुलै २०२० रोजी फोर्टमधील भानुशाली इमारतीचा भाग कोसळून दहा माणसे दगावली. वारशाचा प्रश्न हा केवळ सौंदर्याचा प्रश्न आहे असे मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

शासनाचे उत्तर आजवर एकच राहिले आहे: जुनी इमारत पाडा आणि वाढीव चटईक्षेत्र घ्या. पाडणाऱ्याला बक्षीस आहे. सांभाळणाऱ्याच्या वाट्याला मात्र परवानग्यांचे हेलपाटे अधिक आणि लाभ थोडा. अशा स्थितीत इमारत जीर्ण होऊ देणे हाच मालकाच्या दृष्टीने शहाणपणाचा व्यवहार ठरतो. मालकाच्या लोभाला दोष देऊन भागणार नाही. नियमांचा तराजूच एका बाजूला झुकलेला आहे. ऐपतदार भाडेकरूंकडून, विशेषतः व्यापारी गाळ्यांकडून, दुरुस्तीच्या खर्चाशी निगडित भाडे टप्प्याटप्प्याने घ्यावे, गरीब भाडेकरूचा फरक सरकारने भरावा आणि जतन करणाऱ्याला मिळणारा लाभ पाडणाऱ्याच्या लाभाच्या तोडीचा करावा. यांतील एकही गोष्ट अशक्य नाही. गैरसोयीच्या मात्र तिन्ही आहेत, आणि म्हणूनच त्या टळत आल्या.

कुंपणापाशी

फेरीचा शेवट बॅलार्ड इस्टेटमध्ये होतो. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेली माती व दगड समुद्रात लोटून पोर्ट ट्रस्टने ही बावीस एकर जमीन तयार केली आणि जॉर्ज विटेट यांच्याकडून तिची आखणी करवून घेतली. समान उंची, रुंद रस्ते, एकाच वळणाचे दर्शनी भाग पाहिले की सार्वजनिक संस्थेने स्वतःच्या जमिनीवर शिस्त लावली तर काय घडू शकते याचा पुरावा मिळतो. पलीकडे गोदीची भिंत आहे व तेथे चालणाऱ्याचे पाऊल थांबते.

या भिंतीआडच्या जमिनीवर आता सर्वांची दृष्टी आहे. १९८९ साली न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाल्यापासून कंटेनरचा व्यापार खाडीपलीकडे गेला आणि पूर्व किनाऱ्याचा मोठा पट्टा नव्या उपयोगाची वाट पाहत राहिला. येथे गिरण्यांच्या जमिनीची आठवण येणे अपरिहार्य आहे. १९९१च्या नियमानुसार त्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश घरबांधणीसाठी मिळावयाचा होता. २००१ साली ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली, आणि शहराच्या वाट्याला तुकडे आले. नियमातील दोन-चार शब्द बदलले की केवढी संपत्ती हात बदलते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

गोदीची जमीन मात्र गिरण्यांसारखी खाजगी नाही; ती सार्वजनिक आहे. ती समुद्रातून काढली गेली ती बंदराच्या म्हणजे पर्यायाने या देशाच्या शेतकऱ्याच्या व गोदी कामगाराच्या कमाईतून. फ्रिअर यांच्या काळातील परक्या राजवटीने तट पाडले तेव्हा पादचाऱ्यासाठी कमानींची वाट तरी मागे ठेवली. लोकनियुक्त सरकारने त्याहून कमी देऊ नये, ही अपेक्षा फार मोठी नाही. आणखी पन्नास वर्षांनी कोणी हातात नकाशा घेऊन टाऊन हॉलच्या पायऱ्या उतरेल, तेव्हा त्याची वाट बॅलार्ड इस्टेटच्या भिंतीशी संपणार की थेट पाण्यापर्यंत जाणार, याचा निर्णय आजच्या विकास आराखड्यांत होत आहे. ते आराखडे नागरिकांनी वाचले पाहिजेत. आणि वाचण्यापूर्वी एकदा ही फेरी पायी केली पाहिजे.