गिझर सारखा बंद पडतोय? आधी कारण शोधा

साखरखेर्डा परिसरात हिवाळ्याच्या पहाटे टाकीच्या पाण्यात हात घालवत नाही. पूर्वी अंगणात बंब पेटायचा. आता अनेक घरांत बाथरूमच्या भिंतीवर गॅस गिझर आला आहे. वीज गेली तरी तो चालतो. दोन सेलवर ठिणगी पडते आणि नळ सोडताच गरम पाणी येते.

दोन-तीन हिवाळे गेले की मात्र तक्रारी सुरू होतात. पाणी हात भाजेल इतके कढत येते, किंवा एक बादली भरते न भरते तोच गिझर बंद पडतो. मग कोणीतरी सुचवतो, ‘सेन्सर काढा, वायर डायरेक्ट जोडा.’ गिझर पुन्हा चालू होतो आणि घरातले निश्चिंत होतात. खरा धोका तिथेच सुरू होतो.

गिझर तापला की गॅस तोडणे हेच त्या सेन्सरचे काम. तो वारंवार गॅस तोडत असेल, तर बिघाड बहुधा सेन्सरमध्ये नसून पाण्यात किंवा हवेत असतो.

पाणी कमी, ताप जास्त

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पाण्याचे तापमान साधारण २५ अंशांनी वाढवतो. ज्योत तेवढीच राहिली आणि पाणी निम्मे झाले, तर वाढ ५० अंशांची होते. म्हणजे २० अंशांचे पाणी ७० अंशांवर जाते. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीही पाचेक सेकंदांत भाजते. लहान मुलांना आणि वृद्धांना त्याहून लवकर इजा होते.

पाणी कमी का येते? टाकी गिझरपासून पुरेशी उंच नसते. गिझरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरते. शॉवरची छिद्रे बुजतात. जाळी आणि शॉवर साफ केल्यावर अनेकदा तक्रार मिटते. नळ बंद करून लगेच पुन्हा सोडला, तर कॉइलमध्ये अडकलेले पाणी क्षणभर जास्तच कढत येते. म्हणून पहिली धार अंगावर घेऊ नये.

दुसरे कारण आपल्या जमिनीत आहे. लोणारचे विवर ज्या बेसाल्टमध्ये तयार झाले, तोच खडक या भागात पसरलेला आहे. अशा खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात अनेक ठिकाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पाणी तापले की ते कॉइलच्या आत पांढऱ्या थराने बसतात. तांब्याच्या तुलनेत हा थर उष्णता शंभराहून अधिक पटींनी कमी वाहून नेतो. त्यामुळे ज्योतीची उष्णता पाण्यात न जाता धातूतच साठते. ज्या घरात बादलीवर आणि नळावर पांढरे डाग पडतात, तिथे वर्षातून एकदा, हिवाळ्याआधी, मेकॅनिककडून कॉइल साफ करून घ्यावी.

हवेचा हिशोब

तिसरे कारण सर्वांत घातक आहे. असा गिझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. दहा मिनिटांत जळणाऱ्या गॅसला जवळपास दोन हजार लिटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवाच असते साधारण साडेपाच हजार लिटर. थंडी म्हणून खिडकी लावली, दाराखालची फट कापडाने बुजवली, की प्राणवायू झपाट्याने घटतो. कॉइलच्या पत्र्यांत काजळी साचली असेल, तर ज्योतीला हवा आणखी कमी मिळते. निळी ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो. तो गळतीची सूचना देतो, कार्बन मोनॉक्साइडची नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात आणि कडी काढण्याआधीच माणूस कोसळतो. आंघोळ करताना काहींना झटके येतात आणि ते फिटच्या आजाराचे समजले जातात. भारतीय डॉक्टरांनी याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नाव दिले आहे.

कोणी बाथरूममध्ये पडलेले आढळले, तर दार-खिडक्या उघडाव्यात, त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ वर फोन करावा. शुद्ध आली तरी दवाखान्यात न्यावेच. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो. प्राणवायूची जागा विषारी वायूने घेतली तरी तो आकडा ठीक दाखवू शकतो. म्हणून ‘घरात गॅस गिझर चालू होता’ हे डॉक्टरांना आधी सांगावे.

एवढे करा

गिझर बाथरूमबाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यावी. हे जमत नसेल, तर खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि आतली हवा बदलल्यावरच आंघोळीला जावे. आत एकामागून एक आंघोळी उरकू नयेत. नवा गिझर घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. ज्योत पिवळी दिसली किंवा भिंतीवर काजळी दिसली, तर दुरुस्ती होईपर्यंत तो वापरू नये. गॅसचा वास आल्यास सिलिंडर बंद करून, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

आणि कोणी सेन्सर काढून वायर डायरेक्ट जोडायला निघाला, तर त्याला तिथेच थांबवावे. गिझर बंद पडला तर एक दिवस गार पाण्याने आंघोळ करावी लागेल, एवढेच.