खोल पाण्याचं मूळ गाव (लेखांक 9)

महाराष्ट्रातून तंजावूरला आलेली मंडळी राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय पाहतात, तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या सांगाड्यापुढे फोटो काढतात आणि बृहदीश्वराकडे निघतात. आपल्या लेखमालेला जवळची असलेली वस्तू मात्र त्यांच्या नजरेतून सुटते, कारण ती आहे एक नाटक. दुसऱ्या सरफोजीराजांचं ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ मुलखातला नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरातली बाई येते आणि आपण फिरलेल्या मुलखाचं वर्णन करते. सरफोजींनी हा साचा उचलला, भाषा मराठी घेतली आणि त्या बाईच्या तोंडी थेट जगाचा भूगोल घातला. खंड, देश, समुद्र. तंजावूरच्या दरबारात युरोपीय भूगोल मराठी पदांतून गायला जात होता, ही गोष्ट आपल्या शाळांतून कुणी सांगत नाही.

कुरवंजीला सांगता आला तो समुद्राचा वरचा नकाशा. पण सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले त्याच सुमारास युरोपात काउंट रमफर्ड हे शास्त्रज्ञ खोल समुद्राबद्दल एक धाडसी मुद्दा मांडत होते. त्याला आधार होता 1751 मधल्या एका मोजणीचा. हेन्री एलिस नावाच्या कप्तानाने, गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजावरून, अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात दीड किलोमीटरपेक्षा खोल बादली सोडली. वर आलेलं पाणी गार निघालं. एलिसने त्याचा उपयोग वाइन थंड करायला केला आणि तसं कळवूनही टाकलं. रमफर्ड यांनी त्यातून निष्कर्ष काढला तो असा: उष्ण प्रदेशातल्या समुद्राच्या तळाशी गार पाणी असेल, तर ते ध्रुवांकडूनच आलेलं असणार, आणि ते येतंय म्हणजे वरून कुठलं तरी पाणी परत जात असणार. महासागरांच्या खोल अभिसरणाची कल्पना इथून आकार घेते.

तंजावूरच्या पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. त्याच्या तळाशी, तीन किलोमीटरच्या खाली, तापमान दोन अंशांहूनही कमी असतं. वर माणूस घामाघूम होतो त्या समुद्राची ही गत. उत्तरेकडून हा उपसागर जमिनीने बंद आहे, इथे पृष्ठभागावरचं पाणी गार आणि जड होऊन तळाला जात नाही. तळाचं सगळं पाणी दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने, हळूहळू वर सरकत येतं. किती हळू? त्या पाण्याचा हवेशी शेवटचा संबंध येऊन साधारण हजार वर्षं झाली आहेत. म्हणजे राजराज चोळाने 1010 मध्ये बृहदीश्वराचं काम पुरं केलं, त्याच्या आगेमागे दक्षिणेच्या थंड समुद्रात बुडालेलं पाणी आज या उपसागराच्या तळाशी पोहोचलं आहे.

हे झालं आजचं. गेल्या दोन लेखांत ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून हिमयुगांचा हिशेब कसा लागतो ते पाहिलं. आता प्रश्न असा: वीस हजार वर्षांपूर्वी, उत्तरेचे खंड बर्फाखाली असताना, हेच पाणी कुठून येत होतं? प्रवाह वाहून गेला, पाणी शिल्लक नाही. शिल्लक आहे फक्त गाळ.

गाळ काढण्याची रीत वर्णनाला सोपी आहे. वजन बांधलेला लांब नळ जहाजावरून सोडायचा, तो तळात रुततो, आत गाळाचा उभा दांडा येतो. खोल समुद्रात हजार वर्षांत गाळ साठतो तो जेमतेम काही सेंटिमीटर, त्यामुळे काही मीटरच्या दांड्यात लाख-दीड लाख वर्षं मावतात. पुढे त्याचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करायचे, बारीक चाळणीवर धुवायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक शंखी उचलायची. या शंख्या फोरामिनिफेरांच्या, म्हणजे वाळूच्या कणाएवढ्या एकपेशीय जीवांच्या. काही जाती पृष्ठभागाजवळ तरंगतात, काही तळावर राहतात. तळावरच्या जातींनी ज्या पाण्यात कवच बांधलं, त्या पाण्याची खूण कवचात उतरते.

पहिली खूण कार्बनची. पृष्ठभागावरच्या शेवाळाला हलका कार्बन-12 जास्त मानवतो, म्हणून नुकत्याच बुडालेल्या पाण्यात तुलनेने कार्बन-13 जास्त राहतो. पाणी तळाशी जितकं जुनं होतं, तितका त्यात वरून पडून कुजलेल्या जीवांचा हलका कार्बन मिसळत जातो. तेव्हा तळावरच्या शंखीतलं प्रमाण पाहून पाणी ताजं की शिळं ते कळतं. कळतं असं वाटतं, म्हणू या. कारण त्याच जागी वर जीवसृष्टी अचानक वाढली, तरी हलका कार्बन वाढणारच. पाणी शिळं झालं की वरून जास्त खाद्य पडलं, हे एकटा कार्बन सांगू शकत नाही.

म्हणून दुसरी खूण हवी, जिच्याशी जिवांना काही देणंघेणं नाही. ती निओडिमियम या धातूची, आणि माझ्या मते या सगळ्या शास्त्रातली सर्वांत देखणी. सॅमॅरियम-147 अतिशय सावकाश क्षय पावून निओडिमियम-143 होतं; अर्धायुष्य 106 अब्ज वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या कितीतरी पट. ज्या खडकांत सॅमॅरियम तुलनेने कमी, ते जितके प्राचीन तितके निओडिमियम-143 मध्ये मागे पडलेले. कॅनडा-ग्रीनलंडचे अतिप्राचीन खडक असे आहेत. तिथून धुपून आलेलं निओडिमियम उत्तर अटलांटिकच्या पाण्यात मिसळतं आणि शास्त्रज्ञांच्या मापपट्टीवर त्या पाण्याचा आकडा उणे 13 च्या आसपास येतो. पॅसिफिकला ज्वालामुखींनी वेढलं आहे, खडक तरुण, म्हणून आकडा उणे 4 च्या जवळ. दक्षिण महासागर दोघांच्या मिश्रणाने मधे, उणे 8-9. पाणी कुठेही गेलं तरी आपल्या मूळ गावाची खूण बरोबर नेतं. गाळातल्या कणांवर आणि शंख्यांवर लोह-मँगनीजचं पातळ पुट चढतं, त्यात ही खूण बंद होते. प्रयोगशाळेत ते पुट सौम्य रसायनाने अलगद सोडवायचं आणि मोजायचं.

तंजावूरपासून साधारण 930 किलोमीटर नैर्ऋत्येला, मालदीवच्या पूर्वेकडे, 3 अंश उत्तर आणि 76 अंश पूर्व या जागी 3800 मीटर खोलीवरून असाच एक दांडा काढला गेला. नाव एसके129-सीआर2. ‘एसके’ म्हणजे ‘सागर कन्या’ हे आपलं संशोधन जहाज. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 1960 च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून ती 1966 मध्ये उभी राहिली. तिथले व्ही. के. बनाकर आणि केंब्रिजचे अलेक्झांडर पिओत्रोव्स्की यांच्या चमूने 2009 मध्ये या दांड्यावरचं काम प्रसिद्ध केलं. दीड लाख वर्षांत निओडिमियमचा आकडा हिमयुगांच्या तालावर वरखाली होतो. उबदार काळात, दक्षिण महासागरामार्गे येणाऱ्या उत्तर अटलांटिकच्या पाण्याचा वाटा जास्त, हिमयुगात कमी. ग्रीनलंडजवळ बुडणारं पाणी मंदावलं, त्याची नोंद आपल्या दक्षिणेला, विषुववृत्तापाशी, चिखलात झाली. कार्बनचा आलेख बराचसा याच्याबरोबर जातो; जिथे दोघांची वाट फुटते, तिथे वर जीवसृष्टीत काही बदललं असावं, असा अंदाज बांधता येतो. दोन साक्षीदार एकमेकांशी न जुळण्याचा असाही उपयोग असतो.

मग थेट बंगालच्या उपसागरातच दांडा का काढू नये? काढले आहेत, भरपूर. पण इथे गंगा-ब्रह्मपुत्रा वर्षाला सुमारे एक अब्ज टन गाळ ओततात, आणि हिमालयाच्या त्या गाळाचं स्वतःचं निओडिमियम असतं. सरफोजी काशीयात्रेला गेले तेव्हा त्यांनी पोथ्या जमवल्या, अनेक नकलून घेतल्या. काशीच्या पोथीची तंजावुरी नक्कल हातात आली, तर मजकूर कुठला आणि अक्षर कुठलं हे आधी वेगळं करावं लागतं. उपसागरातल्या गाळाचं तसंच आहे. इथे लेखनिकाचं अक्षर इतकं ठसठशीत की मूळ मजकूर झाकला जातो. ‘नव्वद पूर्व कटक’ या समुद्रतळावरच्या डोंगररांगेवरून काढलेल्या एका दांड्यातल्या, पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या शंख्यांवर 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच अनुभव आला: हिमयुगांबरोबर आकडे हलले, पण ते सांगत होते मुख्यतः नद्यांनी आणलेल्या भाराबद्दल, म्हणजे पावसाबद्दल.

आणि इथे आपल्या घरचा चिखल येतो. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवरून वाहते, मग तेलंगण-आंध्रच्या अतिप्राचीन खडकांवरून समुद्राला मिळते. बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, त्याचा निओडिमियम आकडा शून्याच्या आसपास. पूर्वेकडचे खडक कित्येक पट जुने, त्यांचा आकडा खोल उण्यात. इतका फरक असल्यावर गाळ नदीच्या कुठल्या भागातून आला ते ओळखणं सोपं. 2006 मध्ये ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ हे खोदकाम जहाज भारताच्या किनाऱ्यालगत वायूहायड्रेट शोधत होतं, तेव्हा गोदावरीच्या मुखासमोर एक दांडा निघाला. शोध इंधनाचा होता, हाती दख्खनचा इतिहास आला. त्या दांड्यावरच्या 2017 च्या अभ्यासात दिसलं की गेल्या चारेक हजार वर्षांत, पाऊस कमी होत असतानाही, गाळ वाढला आणि त्यातला दख्खनचा वाटाही वाढला. पाऊस कमी आणि धूप जास्त! अभ्यासकांनी बोट ठेवलं ते बदललेल्या वनस्पती-आवरणावर आणि शेतीवर. प्रवरेकाठच्या दायमाबादला ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती, ती याच काळातली.

प्रवाह शोधणाऱ्याला हा गाळ अडचणीचा, पावसाचा आणि शेतीचा इतिहास शोधणाऱ्याला तोच भांडवल. म्हणूनच एखाद्या बातमीत ‘समुद्राच्या गाळातून प्राचीन प्रवाहांचा शोध’ असं वाचलं, तर मी आधी दांडा कुठून काढला ते पाहतो: नदीमुखापासून किती दूर, किती खोल, समुद्राखालच्या भूस्खलनांचे थर तिथवर येतात का. निष्कर्ष त्यानंतर वाचतो.

पुढच्या आठवड्यात प्रवाहाचा वेग. दहा ते त्रेसष्ट मायक्रॉनच्या दरम्यानच्या कणांचा सरासरी आकार मोजून तळाचं पाणी जोरात वाहत होतं की रेंगाळत होतं ते कसं काढतात, आणि ही युक्ती बंगालच्या उपसागरात बहुतेक ठिकाणी का चालत नाही, ते पाहू.