रक्तातील स्निग्धांचा सूक्ष्म तराजू

लिपिड प्रोफाइलच्या अहवालात आपण मुख्यतः चार आकडे पाहता: एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड. प्रत्यक्षात रक्तात शेकडो प्रकारचे स्निग्ध रेणू असतात. रेणूला विद्युतभार देऊन, वस्तुमान आणि भार यांच्या गुणोत्तरावरून त्याची ओळख पटविणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. मोठे, नाजूक रेणू न मोडता भारित करण्याच्या पद्धतीबद्दल जॉन फेन यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

हा तराजू किती काटेकोर, ते पाहा. सेरामाइड नावाच्या स्निग्धाचे, २४ कार्बनांची शेपटी असलेले दोन प्रकार आहेत. फरक अवघ्या दोन हायड्रोजन अणूंचा. तरीही ज्यात ते दोन अणू कमी, त्याचे प्रमाण दुसऱ्याच्या तुलनेत वाढले, की हृदयविकाराने मृत्यूचा धोका अधिक आढळतो. एलडीएल जमेस धरूनही.

अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये ही तपासणी २०१६ पासून होते. आपणही ती करावी का? घाई नको, असे माझे मत. औषधाचा निर्णय आजही एलडीएल, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांवरच प्रामुख्याने होतो.

ज्येष्ठांबाबत मला खरी चिंता वाटते ती वेगळीच. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून स्टॅटिनची गोळी परस्पर बंद होते. तो आकडा बहुधा गोळीमुळेच उतरलेला असतो. ती थांबली की काही आठवड्यांत पुन्हा चढतो. स्नायू दुखत असतील, तर आपल्या डॉक्टरांना तसे सांगा. मात्रा कमी करता येते, औषधही बदलता येते.