जांभा आणि काळा पाषाण : लातूर-नांदेडच्या लेण्यांचा शोध

मराठवाड्यातील लेण्यांचा विषय निघाला की चर्चा बहुधा वेरूळ, अजिंठा आणि औरंगाबाद येथेच थांबते. या प्रदेशाच्या दक्षिण आणि पूर्व टोकांना, म्हणजे आजच्या लातूर व नांदेड जिल्ह्यांत, खडक कोरून घडवलेली शैलगृहे आहेत याची माहिती खुद्द या दोन शहरांतही सर्वांना असतेच असे नाही. लातूर जिल्ह्यातील खरोसा आणि नांदेड जिल्ह्यातील माहूर ही त्यांतील दोन प्रमुख स्थळे असून, ती एकमेकांशेजारी ठेवून पाहिली असता असे दिसते की, लेण्याचे रूप आणि त्याचे आयुष्य ठरवण्यात राजाश्रय व धर्मपंथ यांच्याइतकाच वाटा दगडाचाही असतो.

खरोसा : जांभ्यातील लेणी

औसा तालुक्यातील खरोसा हे गाव बालाघाटच्या पठारी प्रदेशात, लातूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तेथील टेकडीत लहानमोठी बारा लेणी असून त्यांचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनाचे सहावे शतक मानला जातो. एका लेण्यात बैठी बुद्धमूर्ती आहे, तर अन्यत्र नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय आणि रावण यांची शिल्पे आढळतात. बौद्ध आणि ब्राह्मणी परंपरा एकाच टेकडीवर नांदल्याचे वेरूळचे दृश्य येथेही, अर्थात फार लहान प्रमाणावर, दिसते. निजामाच्या राज्यातील या लेण्यांची शास्त्रशुद्ध नोंद जेम्स बर्जेस यांनी केली. बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरावशेषांवरील त्यांचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जेम्स फर्ग्युसन यांच्यासह त्यांनी १८८० मध्ये सिद्ध केलेल्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथातही या समूहाला स्थान मिळाले.

खरोशाचे वेगळेपण त्याच्या खडकात आहे. सह्याद्रीतील बहुतेक लेणी काळ्या पाषाणात, म्हणजे लाव्हारस थिजून बनलेल्या बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. खरोशाची टेकडी मात्र जांभ्याची आहे. उष्ण व दमट हवामानात बेसाल्टची दीर्घकाळ झीज होऊन त्यातील सिलिका पाण्याबरोबर निघून गेली की लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचे प्रमाण वाढलेला जो तांबडा, सच्छिद्र दगड मागे उरतो, तो जांभा. ताजा असताना तो सहज कापला जातो आणि हवा लागून वाळला की कठीण होतो, त्यामुळे दालन खोदणे सोपे जाते. परंतु त्याच्या छिद्रांमुळे दागिन्यांची नक्षी किंवा चेहऱ्यावरील भाव यांसारखे बारीक काम त्यात टिकत नाही, आणि अशा कामासाठी गिलाव्याचा आधार घ्यावा लागतो. गिलावा झडला की मूर्तीचा केवळ ढोबळ आकार राहतो. म्हणूनच खरोशाची शिल्पे आज ओबडधोबड वाटली, तरी तेवढ्यावरून तेथील कारागिरांचे कौशल्य कमी ठरवणे योग्य होणार नाही.

माहूर : राष्ट्रकूटांचा प्रदेश

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यालगत माहूर आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकामातेमुळे आणि दत्तशिखरामुळे तेथे वर्षभर भाविकांची गर्दी असते. त्या मानाने तेथील पांडवलेणे दुर्लक्षित राहते. काळ्या पाषाणातील हे शैव लेणे राष्ट्रकूट काळातील मानले जाते, आणि त्याच्या भक्कम स्तंभांमध्ये त्या दगडाचे बळ स्पष्ट दिसते.

राष्ट्रकूटांचा या भूमीशी असलेला संबंध मात्र एका लेण्यापुरता नाही. वेरूळचे कैलास लेणे ज्या पहिल्या कृष्णाच्या काळाशी जोडले जाते, त्याच घराण्यातील पुढील राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अनेक अभ्यासक मानतात. मन्याड नदीकाठचे कंधार हेही त्यांचे महत्त्वाचे ठाणे असून तेथील किल्ला, ‘जगत्तुंग समुद्र’ नावाचा तलाव आणि क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष त्या वैभवाची साक्ष देतात. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात या भागात खडक कोरण्याऐवजी चिरे रचून मंदिरे उभारण्याकडे कल वळला. देगलूर तालुक्यातील होट्टल येथील सिद्धेश्वर मंदिर त्या बांधीव परंपरेचे उत्तम उदाहरण असून, निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या तारकाकृती विधानातही, म्हणजे कोनांनी युक्त चांदणीसारख्या तळरचनेत, तिचा विस्तार दिसतो.

जतनाचा प्रश्न

खरोसा ज्या औसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील किल्लारी परिसराला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने उद्ध्वस्त केले. तरीही जांभ्यातील लेण्यांचा नित्याचा शत्रू पाणी हाच आहे. वरून झिरपणारे पावसाचे पाणी सच्छिद्र दगडात मुरते, ओल आणि सुकणे यांच्या आवर्तनाने कण सुटू लागतात, आणि अशा दगडावर सिमेंट किंवा तैलरंग चढवला तर आतली ओल कोंडून झीज उलट वाढते. म्हणून खरोशात लेण्यांवरील माथ्याचे पाणी चर खणून दूर वळवणे हे पहिले काम ठरते, तर काळ्या पाषाणात भेगा आणि सांधे यांवर लक्ष ठेवणे अधिक महत्त्वाचे असते.

या दोन्ही स्थळांना एक आधार मात्र समान आहे. माहूरप्रमाणे खरोशाच्या टेकडीवरही रेणुकेचे स्थान असून, देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांची पावले लेण्यांजवळूनच जातात. ही वर्दळ जतनाच्या कामी लावायची, तर दर्शनमार्गावर लेण्यांचा काळ, दगडाचा स्वभाव आणि हात न लावण्याचे कारण सांगणारे मराठी फलक हवेत, आणि शाळांच्या सहलींत वेरूळच्या आधी आपल्या जिल्ह्यातील लेण्याला स्थान मिळायला हवे. कारण दूरच्या कीर्तिवंत लेण्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत, खरोशासारख्या स्थळांची काळजी शेजारच्या गावांना आणि शहरांनाच घ्यावी लागणार आहे.