एसटीची गाडी कोणाच्या पैशांनी येते?

भवानीनगरच्या थांब्यावर बारामती-इंदापूर गाडीची वाट पाहताना माझ्या अम्मीने एकदा विचारलं, "आपण तिकीट काढतो, मग सरकार एसटीला पैसे कशाचे देतं?" मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. गप्प बसलो.

खरं तर आमच्या भागात हे कळायला जड नाही. छत्रपती कारखान्याचं धुराडं समोरच दिसतं. कारखाना उभा राहतो तो भागभांडवल आणि कर्ज यांवर. उसाचं बिल, कामगारांचा पगार हा चालू खर्च वेगळा. एसटीचंही तसंच. दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेली गाडी, आगार, बसस्थानक हा भांडवली खर्च. डिझेल, टायर, पगार हा रोजचा. १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने भांडवल केंद्र आणि राज्य या दोघांनी घालायचं ठरलं. केंद्राचा एक रुपया तर राज्याचे दोन, असं बरीच वर्षं चाललं. पुढे केंद्राने हात आखडता घेतला आणि ओझं राज्यावर आलं.

घोळ होतो तो सवलतींपाशी. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट. याची भरपाई सरकार महामंडळाला देतं. पण ती बुडालेल्या तिकिटाची भरपाई. तिच्यातून नवी गाडी येत नाही. उलट तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारनेच वर्षानुवर्षे घेतला. या हाताने घ्यायचं, त्या हाताने द्यायचं! शिवाय मार्चच्या अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे पैसा हातात पडला असं नव्हे. वित्त विभागाने सोडला तर तो पोचतो.

शहरांची तऱ्हा निराळी. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला डिसेंबर २०१६मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, अंदाज ११,४२० कोटींचा. महामेट्रो कंपनीत केंद्र आणि राज्य निम्मेनिम्मे भागीदार. मोठा वाटा कर्जाचा. युरोपियन गुंतवणूक बँक आणि फ्रान्सची विकास संस्था यांच्याकडून घेतलेला. पुण्यात घर घेणारा मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार भरतो, मग तो मेट्रोत बसो न बसो.

आणि रेल्वे? अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला. पुढे निम्मा खर्च राज्याने उचलायचं ठरलं. भागीदारीतलं काम म्हणजे सामाईक विहीर. एकाची वर्गणी अडली की दुसऱ्याचाही फावडा थांबतो. बीडला गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी.

हे सगळं मी अम्मीला सांगितलं. ती आता फुकट प्रवास करते, तरी हिशेब सोडत नाही. म्हणाली, "मग तीस वर्षं बीडची माणसं गेली कशाने?"

म्हटलं, "एसटीने."