सीमेपलीकडे गेलेला चेंडू

26 ऑगस्ट 2022 ची रात्र. बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर महाराजा ट्रॉफी या कर्नाटकातल्या क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता आणि बीदरच्या आमच्या घरात सगळे टीव्हीला चिकटून बसले होते. मनीष पांडेच्या गुलबर्गा मिस्टिक्सनं बंगळुरू ब्लास्टर्सला 11 धावांनी हरवलं, तेव्हा गल्लीत फटाके वाजले. बीदर आणि गुलबर्ग्यात शंभरावर किलोमीटरचं अंतर, पण त्या रात्री ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. आपल्याकडचं नाव जिंकलं होतं.

फटाके विझल्यावर माझ्या पुतण्यानं विचारलं, "काका, ही टीम गुलबर्ग्यात कुठल्या ग्राउंडवर खेळते?"

कुठल्याच नाही, असं सांगताना मला जड गेलं. त्या वर्षीचे सगळे सामने म्हैसूर आणि बंगळूरला झाले. गावाचं नाव 2014 मध्येच कलबुर्गी झालं, संघाच्या छातीवर मात्र जुनं गुलबर्गाच राहिलं. नाव आमचं आणि मैदान दुसऱ्याचं, ही या भागाच्या खेळाची जुनीच दुखरी जागा आहे. तिचा मागोवा घ्यायचा तर 1956 पर्यंत मागं जावं लागतं.

माझे वडील बीदरच्या शाळेत फुटबॉल खेळायचे. अनवाणी. चामड्याच्या चेंडूत रबरी ब्लॅडर असायचं. हवा भरली की तोंड वादीनं करकचून आवळायचं. पावसात चेंडू भिजला की दगडासारखा जड व्हायचा आणि डोक्यावर घेतला तर वादीचा वळ कपाळावर उठायचा. तो वळ ते आम्हाला बोटानं दाखवायचे, जणू अजून तिथंच आहे. चेंडू उसवला की मोच्याकडं न्यायचा आणि शिवून होईपर्यंत त्याच्या दुकानासमोरून कुणी हलायचं नाही. चेंडू एकच होता.

तेव्हा या पोरांचे डोळे हैदराबादकडं लागलेले असत. बीदर आणि गुलबर्गा हे निजामी मुलखाचे जिल्हे. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं तरी हैदराबाद हे राज्य 1956 पर्यंत राहिलं, आणि त्या काळात देशाचा फुटबॉल हैदराबादच्या मुठीत होता. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. हैदराबादहून मुंबईचा लोहमार्ग वाडी जंक्शनवरून आणि गुलबर्ग्यावरूनच जातो. वडील सांगायचे, रोव्हर्सची बातमी उर्दू वर्तमानपत्रातून एक जण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. बीदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत. चांगला खेळणारा पोरगा सकाळी निघाला तर दुपारी हैदराबादच्या मैदानावर उभा राहू शकत होता. वाट माहितीची होती, भाषा कानावरची होती आणि तिकडं कुणी ना कुणी नात्यातलं असायचंच.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. अहमदपूर, उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. उरलेला बीदर म्हैसूर राज्याकडं आला. गुलबर्ग्याचे तांडूर, कोडंगलही आंध्राला गेले. बरोबर एक महिन्यानं, 1 डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम साहेबांच्या भारतीय संघानं ऑस्ट्रेलियाला 4-2 नं हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं तीन गोल केले, आणि संघात हैदराबादचे कितीतरी गडी होते. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. आमच्या भागानं ती बातमी ऐकली ती दुसऱ्या राज्यातून. महिनाभरापूर्वीपर्यंत ते खेळाडू आपल्या राज्याचे होते.

भाषेसाठी, कारभारासाठी रेषा कुठं तरी ओढावीच लागते, हे मला मान्य आहे. पण त्या रेषेनं खेळाडूची वाट कशी बदलली, हे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. संघटना राज्याच्या, निवड राज्याची, चाचणी राजधानीत. बीदरच्या पोराला दीडशेऐवजी सातशेच्या घरात किलोमीटर जावं लागू लागलं, तेही ज्या शहरात ओळखीचं कुणी नाही तिथं. वडिलांच्या वर्गातला सर्वांत चपळ पोरगा पुढं शेतीत रमला. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रहीम साहेबांच्या संघानं सुवर्ण जिंकलं तेव्हा तो बैल पाण्यावर नेत होता. वडिलांनी बांधावर जाऊन त्याला बातमी सांगितली. पुढच्याच वर्षी रहीम साहेब गेले.

माझ्या वाट्याला आलं ते गुलबर्गा 1980 नंतरचं. त्या वर्षी गुलबर्गा विद्यापीठ स्थापन झालं आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी धारवाडच्या विद्यापीठाकडं बघायची गरज उरली नाही. आम्ही हुमनाबादमार्गे एस.टी.नं यायचो, मांडीवर किटची पिशवी घेऊन. गुलबर्ग्यात उतरलो की पाय आधी एन. व्ही. ग्राउंडकडं वळायचे. नूतन विद्यालय ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी मंडळींनी उभी केलेली संस्था. तिच्या मैदानावर सकाळी क्रिकेट, संध्याकाळी सभा, मधल्या वेळात आमच्यासारख्यांचं काहीही. एका कोपऱ्यात कन्नडमध्ये ओरडा, दुसऱ्यात दखनीत, आणि चेंडू अडला की तिसऱ्यातून मराठीत शिवी.

माझ्या सोबतीचा एक व्हॉलीबॉलपटू राज्य संघाच्या चाचणीपर्यंत पोचला होता. चाचणीचं पत्र त्याच्या गावी आलं, ते चाचणी होऊन चार दिवसांनी. तो रडला नाही. पत्राची घडी करून वहीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नेट बांधायला सगळ्यांच्या आधी हजर झाला. आज तो गावातल्या पोरांना शिकवतो.

या सगळ्यात एक खेळ मात्र रेषेला पुरून उरला. कुस्ती.

आमच्या गावच्या जत्रेचा फड मी पन्नास वर्षं बघतोय. आखाड्याची माती आठ दिवस आधी खणतात, चाळतात, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवतात. तिसऱ्या प्रहरी हलगी कडाडली की आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या. लंगोट सावरता न येणारी पोरं भिडतात आणि बाया माळवदावरून बघतात. मग पंच एकेका पैलवानाचा हात धरून फडाभोवती फिरवतात, जोड मागतात. समोरून कुणी तरी फेटा उडवून उठतो. माईकवरचा माणूस एकाच दमात मराठीत, कन्नडमध्ये आणि दखनीत पुकारतो: उदगीरचा, निलंग्याचा, आळंदचा, जहीराबादचा. 1956 मध्ये वेगळे झालेले तालुके दर वर्षी त्या मातीत एकमेकांना भिडतात. शेवटच्या मानाच्या कुस्तीत कुणी चितपट झालं तर सबंध फड आत घुसतो, आणि सलामीला उचललेली माती विजेता आधी पडलेल्याच्या कपाळाला लावतो. हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराची जत्रा, कलबुर्गीच्या शरणबसवेश्वराची जत्रा, भालकीजवळच्या मैलारच्या खंडोबाची जत्रा: इथल्या पैलवानाचं वर्ष या तिथ्यांवर चालतं. त्याला कुणी राज्य विचारत नाही.

तरी फडाबाहेर रेषा आडवी येतेच. हरिश्चंद्र बिराजदार मामा निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. त्यांच्या लहानपणी निलंगा बीदर जिल्ह्यातच होता. रेषा त्यांच्या गावाच्या अलीकडून गेली, म्हणून त्यांची वाट महाराष्ट्रातून गेली. 1969 मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले, 1970 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकलं, आणि पुढं वस्ताद म्हणून पिढ्या घडवल्या. आमच्या बाजूलाही त्याच अंगाची, त्याच मातीची पोरं होती. ती कोल्हापूरच्या तालमीत राहून, दूध-बदामाचा खर्च घरच्या जनावरांवर भागवून घडली. पण महाराष्ट्र केसरीच्या गदेच्या वेळी ती परराज्याची ठरत. जत्रेतला फेटा आणि इनाम, एवढ्यावर त्यांचं नाव थांबलं. आमच्या गावची तालीम आता बंद आहे. तिथं पत्र्याचं गोदाम झालंय. पहाटे पोरं रस्त्यावर सोळाशे मीटर धावतात ती पोलीस भरतीसाठी. ते धावणंही मला कमी मोलाचं वाटत नाही. पण छाती फुटेस्तोवर धावणाऱ्या त्या पोरांपैकी एखादा धावपटू होऊ शकला असता, हे बघायला तिथं कुणी उभं नसतं.

मग या भागाला हवंय काय? नुसतं नाव घेतलेला संघ नाही. सामना इथं झाला पाहिजे. मोठा खेळाडू पोराच्या डोळ्यांसमोर घामाघूम झाला पाहिजे, तेव्हाच त्या पोराला वाटतं की हे आपल्यालाही जमेल. वडिलांना रोव्हर्सच्या बातमीनं फुटबॉल दिला नाही. बीदरच्या मैदानावर हैदराबादहून येऊन खेळलेल्या एका पाहुण्या संघानं दिला. त्यांच्या गोलकीपरनं घातलेली उडी ते शेवटपर्यंत हातानं करून दाखवायचे.

असं घडू शकतं, हे 2023 च्या अखेरीस कलबुर्गीनंच दाखवून दिलं. चंद्रशेखर पाटील स्टेडियमवर पुरुषांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाली आणि रामकुमार रामनाथन विजेता ठरला. देशोदेशीचे खेळाडू कलबुर्गीच्या उन्हात खेळले. 29 ऑक्टोबर 2017 ला बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झालेली, त्यामुळं आम्हाला आता विकाराबाद-वाडीचा वळसा घालावा लागत नाही. पुतण्या त्या रेल्वेनं दोन दिवस जाऊन आला.

परत आला तेव्हा मला वाटलं, सर्व्हिसच्या वेगाबद्दल सांगेल. तो सांगत बसला चेंडू उचलणाऱ्या पोरांबद्दल. ती आपल्याकडचीच होती, आपल्यासारखीच बोलत होती, आणि सामना संपल्यावर रिकाम्या कोर्टवर उतरून लाकडाच्या फळीनं खेळत होती. "काका, एकाचा बॅकहँड काय होता!" एवढं बोलून तो अंगणात गेला. मग कितीतरी वेळ भिंतीवर चेंडू आपटत राहिला.